बादलीभर पाणी

"तुमचं यंत्र कधी चुकत नाही ना रे?" वडिलांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकला. वाकलं की तोंड दाखवावं लागत नाही.

देशाचं जुनं फुटबॉल स्टेडियम पाडून नवं बांधायचं, हे वर केव्हाच ठरलं होतं. जुनं धोकादायक आहे, असा एक कागद तेवढा हवा होता. काँक्रीटचे तुकडे यंत्राखाली दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले तो आकडा लिहायचा, हे मुलाचं काम. पूर्वेच्या गॅलरीचे तुकडे फुटता फुटेनात. साहेब म्हणाले, "आकडा जरा खाली आणा. नाहीतरी पडणारच आहे ते." त्याने आणला. कुणाचं काय बिघडणार होतं?

ती गॅलरी त्याच्या वडिलांच्या हातची. ते तिथे मुकादम होते. 'माझी गॅलरी, माझी गॅलरी' ऐकून उभ्या गल्लीचे कान किटले होते. ती कच्ची निघाल्याची बातमी छापून आली, त्याला आज चार दिवस झाले. चार दिवस ते घराबाहेर पडले नव्हते.

"बस जरा," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही कधी बोललो नाही हे. त्या दिवशी काँक्रीटचा माल घट्ट झाला होता, माणसं दमली होती. मी बादलीभर पाणी जास्त ओतलं त्यात. बाराव्या रांगेला."

मुलाला आठवलं. लहानपणी सामन्याला गेलं की बाराव्या रांगेत जागा असली तरी वडील त्याला पुढे ओढून न्यायचे. मग सामनाभर मागे वळून त्या रांगेतली माणसं बघत बसायचे. त्याला त्याचं हसू यायचं.

"चाळीस वर्षं स्वतःला समजावलं, एवढ्याशा पाण्याने काय होतंय. शेवटी तू पकडलंसच." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "बारावी रांगच निघाली ना रे कच्ची?"

एका वाक्याचं काम होतं. पण ते बोलायचं तर आपण काय केलं तेही बोलावं लागणार. शरमेने त्याचे कान तापले.

"हो," तो म्हणाला. "बारावीच."

वडिलांनी मान खाली घातली.

यंत्राखाली सगळ्यात उशिरा फुटलेला तुकडा बाराव्या रांगेचा होता.