साखरेच्या तोफा

आयर्लंड स्वतंत्र होऊन एक तप उलटलं, तरी कॉर्क बंदराच्या तोंडावरचे किल्ले इंग्रजांकडेच होते. त्याच बंदराच्या संरक्षणाची योजना कॅप्टन टूमी डब्लिनला संरक्षणमंत्र्यांसमोर समजावत होता. टेबलावरच्या नकाशावर त्याने साखरेच्या वड्या मांडल्या: दोन किल्ल्यांसाठी, एक किनाऱ्यावरच्या स्वतःच्या पलटणीसाठी. “समुद्रातून शत्रू आला की किल्ल्यातल्या तोफा डागायच्या,” मंत्री म्हणाले. “साहेब, तोफा इंग्रजांच्या आहेत.” “मग त्यांना विनंती करायची.” “आणि शत्रू इंग्रजच निघाला तर?” “फार खोलात शिरतोस बाबा! योजनेत शत्रूचं नाव घालायचं नाही, शेजारी आहेत ते.” मंत्र्यांनी किल्ल्यांवरच्या वड्या उचलून चहात टाकल्या. “साखर तरी अस्सल आयरिश आहे ना!” टेबलाभोवती बसलेले अधिकारी खो-खो हसले. टूमीचं टाळकं सणकलं. किनाऱ्यावरची वडी उचलून त्याने मंत्र्यांच्या कपात सोडली. “ही माझी पोरं, साहेब. आता ढवळा.”