प्यादं

धरणाचे दरवाजे बुद्धिबळ खेळवून पारखलेल्या दोन प्रोग्रॅमपैकी कोणाकडे सोपवायचे, हे मृणाल केसकरच्या अहवालावरूनच ठरलं होतं. पहिला हावरट, एक प्यादंही सोडायचा नाही आणि त्यापायी अख्खा डाव घालवायचा. म्हणून तिने दुसऱ्याची शिफारस केली.

आज धरण काठोकाठ भरलं होतं. डावे दरवाजे उघडले तर पाणी शहरात, उजवे उघडले तर तिच्या मामांच्या गावात, खारवडीत.

"मामा, सगळ्यांना घेऊन टेकडीवर जा. आत्ता." तिने फोनवर सांगितलं.

"अगं, भोंगा तरी वाजू दे. माणसं जेवायला बसलीयत."

ती पडद्याकडे बघत राहिली. त्या दुसऱ्या प्रोग्रॅमची ताकद म्हणून तिनेच लिहिलं होतं, प्यादं देताना हा क्षणभरही थांबत नाही.

उजवे दरवाजे वर जाऊ लागले.