दोन नवरदेव

"आपल्या गावात पुरुषाचं पुरुषाशी लग्न लागणार नाही," असा ठराव सोमवारी ग्रामसभेनं हात वर करून पास केला. एकट्या सोजरकाकूंचा हात मांडीवरच राहिला. त्यांच्या केशवला अमोलशी गावातच लग्न करायचं होतं.

मंगळवारी पाऊस पडावा म्हणून बेडकांचं लग्न काढलं. अक्षता पडणार, इतक्यात गुरांचा डॉक्टर म्हणाला, "बेडकांत मादी ओरडत नसते. हे तर सकाळपासून दोघंही ओरडतायत."

तळं आटलेलं, दुसरा बेडूक आणायचा कुठून? सरपंचांनी माइक ओढला. "पाऊस पडेस्तोवर ठराव बाजूला. हात वर करा." झाडून सगळे हात वर गेले.

सोजरकाकूंनी मांडवातूनच फोन लावला. "केशवा, अमोलला घे आणि निघ. पावसाच्या आत पोचा."