माझी हरकत न्हाई

“पडद्याकडं बघून बोला. घाबरू नका, उज्वलाबाई,” वकील लुबना म्हणाली.

तिनं पदर सावरला. भोकरहून सकाळच्या एसटीनं ती नांदेडला लुबनाच्या ऑफिसात आली होती. एकटीच. सोबत यायला घरात माणूसच नव्हतं.

पडद्यावर परदेशातलं कोर्ट होतं. न्यायाधीश बाई, एक गोरं जोडपं आणि त्यांच्यामधी बसलेली दहा वर्षांची नोरा.

गेल्या महिन्यात लुबना पत्ता विचारत गावात आली होती. “उज्वला कोण? तिनं हैदराबादेत जन्म दिलेल्या पोरीचं काम अडलंय.”

“मीच. बोला.”

ओट्यावर बसून लुबनानं सगळं समजावलं. हैदराबादच्या दवाखान्यात या जोडप्याचं मूल उज्वलाच्या पोटात वाढलं; जन्मल्यावर ते घेऊन गेले. सगळं दवाखान्यामार्फत; उज्वलाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आता तिकडचं कोर्ट म्हणतं, जिनं जन्म दिला तीच कायद्यानं आई. तिनं हक्क सोडल्याशिवाय नोरा त्यांची होत नाही. तोवर पोरगी अधांतरी.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, लुबनानं मराठीत सांगितलं. “हिला जन्म तुम्हीच दिलात?”

“हाव.”

“हक्क राजीखुशीनं सोडता? कुणाची जबरदस्ती?”

तिनं पोरीकडं पाहिलं. नोराच्या नाकावर बारीक ठिपके होते. अशी पोरगी दारातून पळत आली असती, जेवायला दुसरं ताट वाढावं लागलं असतं.

“जबरदस्ती कुणाची न्हाई. सोडते. माझी हरकत न्हाई.”

पडद्यावरची आई रडायला लागली. नोरा मात्र पुढं वाकून काहीतरी बोलली.

“ती विचारतेय,” लुबना म्हणाली, “माझ्यामुळं तुम्हाला लई त्रास झाला का?”

तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“न्हाई बाळा, जराबी न्हाई. तिसऱ्या दिवशी चालत घरी आले मी. बघ की, कशी धडधाकट हाय.”

नोरानं हसून हात हलवला. तिनंही हात वर केला. पडदा काळा झाला तरी तिचा हात तसाच वर होता.

“च्या तरी घ्या,” लुबना म्हणाली.

“नको ताई, गाडी जाईल.”

दिवस मावळायच्या आत ती घरी पोचली. कुलूप काढलं. येताना घेतलेला झेंडूचा हार धाकट्या बहिणीच्या फोटोला घातला.

नोराला जन्म देऊन उज्वला हैदराबादहून जिवंत परत आलीच नव्हती.