आईचं मशीन

आईवर ओरडलं की मारवानला घास गिळवत नसे, तरी तो ओरडायचाच. लेबनॉनमधल्या सैदा शहरातल्या त्यांच्या घराच्या बाल्कनीत सकाळची कॉफी पिता पिता सत्तरीची आई डुलक्या घ्यायला लागली की याचं डोकं फिरायचं.

"झोपेत श्वास अडकतो तुझा! मशीन रोज रात्री लावायचं, जन्मभर लावायचं. डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"अरे, ती सोंड लावून मी हत्तीण दिसते. तुझे बाबा स्वप्नात येऊन हसतात."

"हस तूही! तुला काही झालं तर लोक मला फाडून खातील."

ऑगस्टमध्ये मारवानच्या खोलीतला एसी बिघडला. एरवीही तो गल्लीतल्या जनरेटरच्या तुटपुंज्या विजेवर कसाबसा चालायचा. आठवडाभर मारवान घामाने निथळत होता. आई मात्र रोज मशीन लावून झोपायची आणि सकाळी टवटवीत उठायची. आपलं ओरडणं एकदाचं कामी आलं, असं त्याला वाटलं.

आज एसी दुरुस्त झाला. तो सुरू करून मारवान आईला सांगायला गेला, तर ती मशीनची नळी गुंडाळून ठेवत होती.



"दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडतो रे," ती म्हणाली. "तू झोप, सकाळी कामावर जायचंय तुला."