माळवदावरची माती

पंचाक्षरीनं खांदा लावला, तरी माजघराचं दार अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच.

"चार वर्सं झाली, लागत न्हाय ते," चंद्रव्वा मामी म्हणाली. "पुण्याची डिग्री लावून बघ की."

पंचाक्षरी यंदाच बी.एस्सी. होऊन सोलापूरला परतला होता. गुरप्पा मामांनी त्याला घर तपासायला बोलावलं होतं. माजघराच्या भिंतीला वरून खाली चीर गेली होती, आणि त्याच माजघरात आषाढात त्यांच्या लेकीचं, महादेवीचं, पहिलं बाळंतपण व्हायचं होतं. घर टिकणार असेल तर ती इथं येणार. नसेल तर मिरगाच्या आत सगळ्यांनी कुंभारीला शेतावर राहायला जायचं. तिथं दोन खणांचं नवं घर उभं होतं. तुळया चढल्या होत्या, वर माती तेवढी पडायची होती.

चंद्रव्वाला कुंभारी नको होती. इथं फुलाबाई सुईण भिंतीपलीकडे राहत होती. भिंतीवर वरवंटा आपटला की ती हजर. तिला कुंभारीला आणायचं म्हणजे आषाढाच्या चिखलात बैलगाडी जुंपायची, आणि तोवर बाळानं थांबायचं.

पंचाक्षरीनं तीन दिवस काम केलं. सुतळी ताणून तुळईचा बाक मोजला. तीन इंच भरला. खिळा टोचून लाकूड पाहिलं. वाळवी नव्हती. पायाशी खड्डा खणला. काळी माती लागली. मग तो माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढला. तिथं मामीच्या मिरच्या वाळत होत्या. त्यांना वळसा घालत त्यानं चारी कोपरे तपासले. वर कुठंही चीर नव्हती. माती चोपून, सारवून तळहातासारखी केलेली होती.

"ह्यो कठडा पन खचलाय बघ," मागोमाग वर आलेली मामी म्हणाली. "लगीन होऊन आले तवा माज्या कमरेला लागायचा. तीस वर्सांत गुडघ्याला आला."

पंचाक्षरीनं तेही टिपून घेतलं.

अहवाल चार पानी झाला. काळ्या मातीत पाया खचत आहे, म्हणून भिंत चिरली, तुळया वाकल्या, कठडासुद्धा खाली बसला. मिरगाआधी घर सोडावं. गुरप्पांनी तो दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या वेळी ते अहवालाकडे नाही, वर तुळईकडे बघत होते.

"लेकीच्या अंगावर घर पडू द्यायचं न्हाय," ते म्हणाले. "निघायचं."

चंद्रव्वानं पदर खोचला. मग म्हणाली, "येते. पर माज्या डोक्यावरची माती हितं टाकून येनार न्हाय."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ती पांढरी माती मुरलेली होती. तीस पावसाळ्यांत तिच्यातून एक थेंब गळला नव्हता. दर मिरगाच्या तोंडावर आधी सासूनं आणि मग चंद्रव्वानं तिच्यावर ताज्या मातीचा थर दिला होता. नव्या घरावर अशी माती कुठून आणणार?

गडी माळवदावर चढले. पहिल्या दिवशी दहा गाड्या कुंभारीला गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. गाड्या मोजणं पंचाक्षरीचं काम नव्हतं, पण त्याला मोजल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मामी, एवढी माती आली कुठून?"

"कुटनं म्हंजे? घातली की!"

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रव्वा माजघरात भांडी बांधत होती. बाकीचे अंगणात गाडी भरत होते. वैशाखातलं वारं सुटलं, आणि घरात धाडकन आवाज झाला.

"गेलं!" गुरप्पा ओरडले. "माजघर गेलं! अगं!"

हातातलं घमेलं टाकून ते अनवाणी आत धावले. मागून पंचाक्षरी.

माजघर जागच्या जागी होतं. फक्त त्याचं दार बंद होतं. चौकटीत नीट, चारी बाजूंनी बसलं होतं. आतून कडी खडखडत होती.

"कुनी लावलं वो दार? आन् लागलं कसं?"

गुरप्पा बाजूला सरले. पंचाक्षरीनं दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग खिशातून सुतळी काढून तुळईला ताणली. बाक दीड इंच उरला होता. तो जिना चढून माळवदावर गेला. मामीला हाक मारून त्यानं कठड्याशी उभं केलं.

कठडा तिच्या कमरेला लागला.

तिथंच उभ्यानं त्यानं हिशेब केला. वर्षाला अर्धा इंच माती. तीस वर्षं. पाचशे मण. हिशेब बरोबर आला, तसे त्याचे कान लाल झाले. कठडा भिंतीवर असतो आणि भिंत खचली तर माळवदही तिच्याबरोबर खाली जातं, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही.

"मामा," तो खाली येऊन म्हणाला, "घर खचत नव्हतं. वरून वाढत होतं."

चीर चुन्यानं बुजवली. गाडीवरची भांडी उतरली. फुलाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "बरं झालं बाई, ह्या वयात मला गाडीचे दचके सोसले नसते." आणि बाळंतिणीच्या खोलीला आता लागणारं दार होतं.

मिरगाच्या आदल्या दिवशी पंचाक्षरी सहज आला. मामी माळवदावर होती. खाली जिन्याशी पांढऱ्या मातीची भरलेली पाटी होती.

"मामी! अहो, पाचशे मण—"

"येकच हाय की रं," चंद्रव्वा वरून म्हणाली. "उघड्या डोक्यानं कुनी पाऊस घेतं व्हय? येकच पाटी."

गुरप्पांनी पाटी उचलून वर तिच्या हातात दिली.

"माजी आई पन येकच म्हनायची," ते म्हणाले.