घरातलं मोठं माणूस

आई-बाबा गेले, शाळकरी ताई घराची कर्ती झाली. अशा पोरक्या घरांना दांडा फिरवून चालणारे रेडिओ मिळाले होते. रोज संध्याकाळी धाकटा भाऊ दांडा फिरवी आणि रेडिओवरची मावशी ताप कसा उतरवायचा, रडणाऱ्याला कसं समजावायचं ते सांगे. शेवटी विचारी, “घरातलं मोठं माणूस जेवलं का?” धाकट्याला वाटे, मावशीला ऐकू जातं, म्हणून ताई म्हणे, “जेवले हो, मावशी.” एकदा तो रेडिओला तोंड लावून ओरडला, “खोटं बोलते! आम्हाला वाढून स्वतः पाणी पिऊन झोपते!” ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवा, इतक्या वर्षांनी, टक्कल पडलेल्या धाकट्याने तोच दांडा फिरवला. नुसती खरखर. त्यानेच मावशीच्या आवाजात विचारलं, “घरातलं मोठं माणूस जेवलं का?” “जेवले हो,” ताई सवयीने म्हणाली. “खोटं बोलते, मावशी,” म्हणत त्याने आधी ताईचं पान वाढलं.